शेजाऱ्याचं कुत्रं, आपली शेळी

दिवाळी सरली, ज्वारी निसवायला लागली आणि थंडीनं जोर धरला की आमच्या माणदेशातल्या गावोगावी एक तक्रार हटकून ऐकू येते. पहाटे गोठ्यात कुत्री शिरली आणि दोन शेळ्या पाडल्या. कुठं करडं गेली, कुठं वाघरीतली कोकरं गेली. तक्रार घेऊन माणूस पोलीस पाटलाकडे जातो, तिथून ग्रामपंचायतीत, तिथून पशुवैद्यकीय दवाखान्यात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला पुढचं दार दाखवलं जातं. आम्ही विस्तार कामावरची माणसं. डाळिंबावरचा तेल्या बघायला म्हणून बांधावर गेलो तरी बोलणं तेल्यावरून कुत्र्यावर कधी येतं ते कळत नाही.

सांगोला, आटपाडी, जत, माण, खटाव हा सगळा कमी पावसाचा टापू. ज्याला बागायत आहे त्याचं डाळिंब, आणि ज्याला नाही त्याच्या चार शेळ्या, दहा मेंढ्या. डाळिंबवाल्याला राखणीला कुत्रं लागतं. मोटारीची केबल चोरीला जाते, पिकलेला माल रात्रीत उतरवून नेतात, त्याचंही काही चूक नाही. शेळीवाल्याची सगळी ठेव मात्र त्या दावणीलाच बांधलेली असते. पोराची फी, दवाखाना, सोसायटीचा हप्ता, जे काय असेल ते बोकड विकून भागवायचं. अशा दोन घरांमध्ये एकच बांध असतो आणि कुत्र्याला बांध कळत नाही.

नेमकं थंडीतच हे का वाढतं? कुत्र्यांचा माज साधारण भाद्रपदाच्या आसपास असतो, त्या दिवसांत टोळ्या जमतात. दोन महिन्यांनी पिल्लं होतात. कार्तिक-मार्गशीर्षात पाजणारी कुत्री अन्नाच्या शोधात लांबवर फिरते आणि टोळीतली बाकीची तिच्या मागं असतात. त्याच सुमाराला शेळ्या-मेंढ्यांची विणही चालू असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात.

तरीही कुत्रं शेळी मारतं ते भुकेपोटीच, असं समजू नये. भाकरी-दूध खाऊन टुकटुकीत झालेलं घरचं कुत्रंही शेळी मारतं. पळणाऱ्या जनावरामागं धावणं हा त्याचा जातिस्वभाव. एकटं असताना ते निमूट असतं, पण दोन-तीन जमली की एकमेकांना चेव चढतो. म्हणून तर एका रात्रीत पाच-सहा शेळ्या पडतात आणि मांस जागच्या जागी राहतं. पोट भरण्यासाठी मारणारं जनावर एक मारतं आणि घेऊन जातं.

"आमचं कुत्रं असलं न्हाई. आमच्या शेळ्यांत तर झोपतंय," हे वाक्य प्रत्येक पंचनाम्याच्या वेळी कोणीतरी बोलतंच. बोलणारा खोटं बोलत नसतो. ज्या शेळ्यांच्या वासात पिल्लू वाढलं त्या त्याला घरच्या वाटतात, आणि बांधापलीकडच्या त्याच्या लेखी रानातल्या. धनगर बंधूंना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पिल्लाचे डोळे उघडले की ते मेंढरांत टाकायचं, तिथंच वाढवायचं. असं कुत्रं लांडग्यासमोर उभं राहतं आणि कोकराला तोंड लावत नाही. बागेच्या कुंपणात एकटं वाढवलेलं कारवानी कुत्रं दिसायला देखणं, पळायला वाऱ्यासारखं. त्याच्याकडून ही समज मात्र धरू नये. ते शिकारीचं कुत्रं, त्याला धावायलाच घडवलंय.

एका वस्तीवरचं प्रकरण

आटपाडी भागातल्या एका वस्तीवरचं प्रकरण सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. दोन्ही घरं आज एकमेकांशी बोलतात, आणि ती बोलत राहावीत.

एका बाजूला डाळिंबवाले अण्णा, त्यांची दोन कुत्री. दुसऱ्या बाजूला अर्ध्या एकराच्या तुकड्यावर एक विधवा बाई, साऱ्या वस्तीची मावशी, आणि तिच्या सात उस्मानाबादी शेळ्या. एका पहाटे दोन शेळ्या मेल्या, तिसरी अंगावर दात घेऊन वाचली आणि चौथ्या दिवशी गाभडली. मावशी उजाडताच अण्णांच्या दारात.

"मावशी, माझं कुत्रं रातभर बागंत व्हतं."

"मग अण्णा, त्येच्या तोंडाला रगत कुणाचं हाय?"

अण्णांनी रक्त बघितलं होतं. पण त्यांच्याही मनात एक जुनी सल होती. मागच्या उन्हाळ्यात मावशीच्या शेळ्यांनी डाळिंबाची नवी फूट खाल्ली होती, तेव्हा त्यांनी शेळ्या कोंडवाड्यात घातल्या नव्हत्या. ते सोसलेलं त्यांनी त्या सकाळी बोलून दाखवलं, आणि त्यानंतर कोणी कोणाचं ऐकून घेतलं नाही.

मावशीचा मुलगा विशीतला. दोन दिवसांनी त्यानं भाकरीत कीटकनाशक घालून बागेच्या कडेला टाकलं. अण्णांची कुत्री त्या रात्री घरातच बांधलेली होती. भाकरी खाल्ली ती तिसऱ्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला आलेल्या धनगराच्या कुत्रीनं. सकाळी ती वाड्याशेजारी मरून पडलेली. धनगरानं वाघर गुंडाळली, घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि तो दुपारच्या आत पुढच्या गावाला निघून गेला. त्या शेतकऱ्याच्या रानात अजून चार रात्री मेंढरं बसायची होती. म्हणजे दोन घरांच्या भांडणात तिसऱ्याचं खत गेलं आणि चौथ्याची राखणदार कुत्री गेली, तीही ज्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही त्याची.

त्या दिवशी मी वस्तीवर होतो. पोलीस पाटील, सरपंच, दवाखान्याचे पशुधन पर्यवेक्षक आणि दोन्ही घरची माणसं मारुतीच्या पारावर बसली. तीन तास गेले. अण्णांनी पहिला तासभर काही मान्य केलं नाही. पर्यवेक्षकांनी वाचलेल्या शेळीच्या जखमा सगळ्यांना दाखवल्या, मागच्या मांडीवर आणि कानाला फाडलेल्या, तेव्हा ते गप्प झाले. ठरलं ते असं: दोन शेळ्यांच्या बदल्यात अण्णांनी दोन चांगल्या पाटी बाजारातून घेऊन द्यायच्या, मेलेल्यांतली एक गाभण होती म्हणून, आणि गाभडलेलीसाठी, वरची रक्कम डाळिंबाचा माल गेल्यावर, कुत्री दिवस मावळल्यापासून तारेवर. मावशीनं शेळ्या बागेच्या बाजूला सोडायच्या नाहीत, त्याऐवजी अण्णांच्या बांधावरचं गवत कापून न्यायचं. मुलानं धनगराला गाठून कुत्रीची भरपाई द्यायची. धनगरानं पैसे घेतले नाहीत. "पिल्लू द्या," म्हणाला. ते पिल्लू पुढं अण्णांच्याच घरून गेलं.

हे सगळं पारावर मिटलं म्हणून मी कायद्याला कमी लेखतो असं कोणी समजू नये. पण या विषयात कायदा कुठं उभा आहे, हे गावकऱ्यांनी आणि विशेषतः पदाधिकाऱ्यांनी नीट समजून घेतलं पाहिजे.

कायद्यात शेळी कुठं आहे?

१८७१ च्या गुरांच्या कायद्यात कोंडवाड्यात घालायच्या जनावरांची यादी दिली. तीत गाय-म्हैस आहे, घोडा-गाढव आहे, मेंढी आहे, शेळी-करडू आहे. उंट आहे आणि हत्तीसुद्धा आहे. कुत्रं नाही. म्हणजे डाळिंब खाणाऱ्या शेळीला कोंडवाडा, आणि शेळी मारणाऱ्या कुत्र्याला मोकळं रान.

पूर्वीच्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम २९१ जनावर बेफिकिरीनं सोडणाऱ्या मालकाबद्दल आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर दुखापत होण्याच्या धोक्याबद्दल बोलतं. शेळीबद्दल नाही. उलट कलम ३२५ पाहा. कोणाचंही जनावर मारणं, त्याला विष घालणं, लुळंपांगळं करणं, याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भटक्या कुत्र्याला तर मालक नाही, असं म्हणूनही सुटका नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात भटक्या कुत्र्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आता मावशीच्या मुलाकडे बघा. दोन शेळ्या त्याच्या मेल्या, आणि त्यानं भाकरी टाकल्याबरोबर गुन्हेगार तोच ठरत होता. ज्याचं नुकसान झालं तोच आरोपी, हे मी एकाच गावात पाहिलं असं नाही. विषाची भाकरी टाकणाऱ्याला ती कोण खाणार हे कधीच ठरवता येत नाही. शेजाऱ्याची कोंबडी खाते, आपलीच म्हैस चाऱ्याबरोबर खाते, लहान मूल हात लावतं.

वन खात्याकडूनही मदतीची आशा धरू नये. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, इतकंच काय रानकुत्र्यानं म्हणजे कोळसुंद्यानं जनावर मारलं तरी शासनाची भरपाई आहे. गावकुत्र्यानं मारलं तर नाही. म्हणून काही जण प्रत्येक मेलेली शेळी लांडग्याच्या किंवा बिबट्याच्या नावावर घालू बघतात. वनरक्षकाला ते जखमेवरून समजतं. बिबट्या गळा धरतो, दातांची खोल भोकं पडतात, आणि जमलं तर ओढून आडोशाला नेतो. लांडगा कोकरू उचलून पसार होतो. कुत्री मागच्या मांड्या, पोट, कान, शेपटी ओरबाडतात, पाच जखमी करतात आणि पाचही तिथंच टाकतात. खोट्या अर्जानं खऱ्या बिबट्याच्या अर्जावरही संशय येतो, एवढं तरी ध्यानात घ्यावं.

पंचनामा उन्हं वर यायच्या आत

शेळी मेल्यावर आपल्याकडे पहिली घाई होते ती वाटे घालण्याची. निदान चार पैसे तरी येतील म्हणून. ते करू नये. कुत्रं पिसाळलेलं होतं की नव्हतं हे त्या सकाळी कोणालाच माहीत नसतं, आणि कातडं काढणाऱ्याच्या हाताला चीर असली तर धोका त्याला. शिवाय पुरावाही चुलीवर जातो. जनावर जागचं हलवू नये, मोबाईलवर फोटो काढावेत, कानातला बिल्ला दिसेल असा एक तरी असावा. पोलीस पाटील आणि दोन पंच बोलवावेत, त्यातला एक शक्यतो कुत्र्याच्या मालकाच्या विश्वासातला. पशुवैद्यकांकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्यावा. विमा उतरवलेला असेल तर बिल्ला आणि हा दाखला नसताना दावा उभा राहत नाही. मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

कुत्र्याचा मालक माहीत असेल तर त्याला त्याच दिवशी, चारचौघांसमोर आणि कागदावर सांगावे. राग काढायला नव्हे. पहिल्या वेळी मालकाला खोडी माहीत नव्हती असं म्हणता येतं. एकदा लेखी कळवल्यावर आणि तरीही कुत्रं मोकळं सोडल्यावर तसं म्हणता येत नाही, आणि उद्या दिवाणी दाव्याची वेळ आलीच तर हा कागद उपयोगी पडतो. बहुतेक वेळा दाव्यापर्यंत जावं लागत नाही, कारण कागद बघून माणूस नरम येतो.

किंमत ठरवताना गाभण शेळीला नुसत्या वजनाचा भाव लावणं अन्याय आहे. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी देते, पाच महिन्यांचा गाभ असतो. किती महिने झाले होते ते धरून बोलावे. पळवलेल्या, दात न लागलेल्या शेळ्याही धसक्यानं गाभडतात, दूध आटतं. म्हणून एकाच दिवशी हिशोब बंद न करता पंधरा दिवस थांबावे. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा समित्यांनी असे वाद बरेच मिटवले. जिथं समितीत जुनी, सगळ्यांचा मान असलेली माणसं आहेत तिथं आजही हाच मार्ग बरा.

जखम, पिसाळ आणि गरगर

चावलेल्या शेळीच्या जखमेवर हळद, चुना, मिरची घालू नये. केस कापून, वाहत्या पाण्यानं आणि साबणानं बराच वेळ धुवावे. धुताना हातात मोजे, नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी तरी असावी. कुत्र्याचा चावा फसवा असतो. वर भोक बोटाएवढं, आत मांस चेंदलेलं. दोन दिवसांनी वास सुटतो, अळ्या पडतात. त्यामुळं लहान दिसली तरी पशुवैद्यकांना दाखवावीच आणि पिसाळरोगाची लस त्याच दिवशी सुरू करावी. ही लस एका सुईची नसते. ०, ३, ७, १४, २८ अशा दिवशी मात्रा असतात, पुढची गरज डॉक्टर सांगतात. जायला वाहन नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करावा.

गाय-म्हैस अचानक घोगरी हंबरू लागली, लाळ गाळू लागली, पाणी गिळेना झाली तर घशात काहीतरी अडकलं म्हणून आपण तोंडात हात घालतो. तो हात घालू नका. पिसाळलेल्या जनावराची हीच लक्षणं असतात. अशा जनावराचं दूध वापरू नये, आणि कच्चं दूध कोणी प्यालं असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. माणसाला चावलं तर पंधरा मिनिटं साबणपाणी आणि तडक सरकारी दवाखाना. सगळ्या मात्रा पूर्ण कराव्यात. रोग उमटल्यावर औषध नाही.

मेंढपाळांसाठी आणखी एक. मेंढी एका बाजूला मान धरून गोल गोल फिरते, आंधळ्यासारखी आपटते आणि मरते. याला कोणी करणी म्हणतं, कोणी उन्हाचा तडाखा. बऱ्याचदा तो मेंदूतला पाण्याचा फोड असतो, आणि त्याचं मूळ कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीत. असा फोड असलेलं मुंडकं आपण कुत्र्याला टाकतो, कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर पडतात, ती मेंढीच्या पोटात जातात. काळीज-फुप्फुसात फोड करणारा दुसरा कृमी असाच फिरतो आणि तो माणसालाही सोडत नाही. म्हणून मेलेल्या मेंढीचं मुंडकं, काळीज, फुप्फुस कच्चं टाकू नये; आणि कुत्र्याला जंताचं औषध ठरावीक मुदतीनं द्यावे. शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही दिलं तर आपलंच चराऊ रान स्वच्छ राहतं.

गिधाडं गेली, कुत्री आली

पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, मेलेला बैल ओढ्यात टाकला की दुपारपर्यंत सांगाडा उरायचा. गिधाडं होती. १९९० नंतरच्या दशकात ती बघता बघता नाहीशी झाली. जनावराला सूज-वेदनेसाठी टोचलेलं डायक्लोफेनॅक हे औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण मधल्या काळात ओढ्यातलं मढं कुत्र्यांच्या वाट्याला आलं, आणि आता पोल्ट्रीच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्याही. ज्या ओढ्यात रोज कोंबड्या पडतात त्याच्या आसपासच्या वस्त्यांवर शेळ्या जास्त मरतात, हे माझं साधं निरीक्षण आहे. पोल्ट्रीवाल्यांनी खड्डा केलाच पाहिजे आणि ग्रामपंचायतीनं तो करून घेतलाच पाहिजे. यात मी कोणाची भीड धरणार नाही. शेड गावच्या पुढाऱ्याचं असलं तरी.

मालकी नसलेल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, त्यात पंचायतीही आल्या. पकडून दुसऱ्या गावच्या शिवारात रात्री सोडून येणं हा काही उपाय नव्हे. ते गावही तेच करतं. पाळलेल्या कुत्र्याचं लसीकरण, जंत, नसबंदी मात्र मालकाची जबाबदारी आहे, असं हेच नियम सांगतात. आणि माझ्या बघण्यातली शेळी मारणारी कुत्री बहुतांशी मालकाचीच होती. दिवसा दारात, रात्री गावभर.

कुत्रं बांधा म्हटलं की लोक हातभर साखळीला दिवसरात्र डांबतात. तसं कुत्रं चिडखोर होतं, आणि विनाकारण आखूड साखळीला डांबून ठेवणं हाही १९६० च्या कायद्यानं गुन्हाच आहे. त्यापेक्षा दोन खांबांत वीस-तीस फूट तार ओढावी, तारेत कडी, कडीला साखळी. कुत्रं तारेच्या लांबीभर फिरतं, राखण होते, बांध ओलांडत नाही. काही जण गळ्यात लोढणं अडकवतात. हलकं असेल तर पळण्याचा वेग मोडतो, पण जड लोढण्यानं पाय सोलतात. शेळीवाल्यानंही गोठ्याला पाच फूट जाळी करावी आणि ती खाली अर्धा फूट पुरावी, कारण कुत्री वरून येण्यापेक्षा उकरून येतात. जाळीला पैसे नसतील तर बाभळीच्या काट्यांचा दाट फास, आणि दाराला खालून दगड.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमाराला अनेक ठिकाणी लसीकरणाची शिबिरं होतात. आपल्या दवाखान्यात तारीख विचारून ठेवावी, तीन महिन्यांवरचं प्रत्येक कुत्रं न्यावे आणि पुढं दरवर्षी टोचून घ्यावे. नेताना पट्टा आणि साखळी घरूनच न्यावी. मागच्या खेपेला निम्मी कुत्री सुतळीला बांधून आणली होती आणि त्यातली चार सुतळी तोडून थेट बाजाराच्या मटणाच्या गाळ्यात गेली.